एका घरात एकच बदल

नसीमबाईंच्या घरचा गॅस बंद आहे, हे मी कोर्टातही शपथेवर सांगितलं असतं. कारण रोज सकाळी तो मीच बघून यायचे.

खाली रिक्षा उभी असे. नसीमबाई आत बसलेल्या, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी शेजारच्या इमारतीतून येऊन रिक्षात पाय टाकणार, तेवढ्यात त्या म्हणत, "मनीषा, एवढं बघून ये गं. मी दोनदा बघितला. पण माझ्या बघण्याचा काय भरवसा?" मग मी जिना चढून त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचे. खिडकीशी खाटेवर त्यांच्या अम्मी बसलेल्या असत. डोक्यावर पांढरी ओढणी, चेहरा सुरकुतलेला पण नजर सुईसारखी. मी स्वयंपाकघरात डोकावून वळले की त्या विचारत, "देख ली? बंद हाय ना? अब जा, नै तो वो रिक्षा में रोती बैठेगी."

आम्ही दोघी सात रस्त्याजवळच्या एका शाळेत शिकवत होतो. मी भूगोल, नसीमबाई चित्रकला. वयानं त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांचे पती फार लवकर गेले, मुलगा पुण्यात नोकरीला. घरात त्या आणि अम्मी, एवढंच. आम्ही राहायचो त्या जुळे सोलापुरातून शाळेपर्यंतचा रस्ता काही फार लांबचा नाही, पण तेवढ्यात नसीमबाईंची निम्म्या जगाची काळजी करून व्हायची. मुलाचा फोन लागला नाही म्हणजे काय झालं असेल; लागला तर त्याचा आवाज बारीक का होता. सहावीतली एक मुलगी दोन दिवस डबा खात नाही, तिच्या घरी काही बिनसलं असेल का. रिक्षाचं मागचं चाक. "बाई, परवाच नवीन टायर टाकलाय की," रिक्षावाले मामा कळवळून म्हणत. "नवीनच फुटतात," नसीमबाई म्हणत.

शाळेत त्यांना सगळे हसत, पण मागे नाही, तोंडावर. त्याही हसत. "माझ्या डोक्यात एक बाई बसलीय," त्या म्हणायच्या, "ती सारखी विचारते, असं झालं तर? तसं झालं तर? तिला कुठं पाठवू?"

त्या बाईला पाठवायची एकच जागा त्यांना सापडली होती. गोधडी.

मधल्या सुट्टीत डबा संपला की त्या चौकटीचा कागद काढत आणि पेन्सिलीनं एक चौकोन आखत. गोधडीतल्या अशा प्रत्येक चौकोनाला त्या 'घर' म्हणत. अम्मींच्या घराण्यात चालत आलेली काही ठरावीक घरं होती. फिरकी: चार चौकोन, प्रत्येकाचे तिरके दोन तुकडे, एक गडद एक फिका, आणि ते असे लावलेले की मधून वारा गेल्यासारखं सगळं गोल फिरताना दिसावं. पायऱ्या. पतंग. चौरस्ता. अम्मींच्या आईनं अम्मींना शिकवली, अम्मींनी नसीमला. नसीमबाई त्यातलं एक घर कागदावर जसंच्या तसं काढत, त्याच्याकडे खूप वेळ बघत, आणि मग पेन्सिलीच्या टोकानं एका ठिकाणी टकटक करत. "इथं असं झालं तर?"

फिरकीचं एकच पातं उलटं केलं. बास. एकटं बघितलं तर वाटायचं, चूक झालीय. पण तशी चार घरं एकमेकांना जोडली की मधे, चारही उलटी पाती मिळून, एक चांदणी उभी राहायची. कोणी कापलेली नाही, कोणी शिवलेली नाही, तरी आहे. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा "अय्या!" म्हणाले. नसीमबाईंनी लगेच विचारलं, "का? वाईट दिसतेय?"

त्यांचा एक नियम होता. "एका घरात एकच बदल. दोन केले की ते एकमेकांशी भांडतात. आणि मग मूळ घर कुठलं तेच कळत नाही." मूळ घर कळलं पाहिजे यावर त्या अडून असत. ते कळतं की नाही याची परीक्षाही ठरलेली होती, आणि परीक्षक एकच. नवं घर शिवून झालं की त्या ते अम्मींच्या मांडीवर ठेवत आणि बाजूला उभ्या राहत, हातांची बोटं एकमेकांत गुंतवून, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारख्या. अम्मी कधी छान म्हणत नसत, वाईटही म्हणत नसत. तुकडा डोळ्यांजवळ धरत, लांब धरत आणि नाव सांगत. "फिरकी." मग त्यांचं बोट बरोबर बदललेल्या पात्यावर जाई. "इसका पर कायकू उल्टा की गे?" एवढं झालं की नसीमबाई पास. नाव ओळखलं आणि बदलही पकडला. त्या दिवशी रात्री त्यांना झोप लागत असावी.

सात रस्त्याचीही अशीच गंमत. तिथला चौक ओलांडायचा म्हणजे नसीमबाईंना धडकी भरायची. कुठून रिक्षा, कुठून एसटी, कुठून मोटारसायकल. त्या माझं मनगट इतकं घट्ट धरत की बांगडीचा वळ उठे. एकदा पलीकडे पोचल्यावर, अजून धापा टाकत, त्या म्हणाल्या, "अम्मीच्या चौरस्त्याला सात रस्ते केले तर?" दोन आठवडे त्या त्याच्या मागे होत्या. चौकोनात चार रस्ते सरळ बसतात, आठ बसतात. सात काही केल्या बसेनात. एक वाकडाच राही. शेवटी त्यांनी तो तसाच वाकडा ठेवला आणि अम्मींपुढे घर धरलं. अम्मींनी बराच वेळ बघितलं. "चौरस्ता हाय," त्या म्हणाल्या. मग वाकड्या पट्टीवर बोट ठेवून, "ये कोण घुस्या बीच में?"

आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. अम्मी मात्र गंभीर. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

काळजीनं मात्र नसीमबाईंनी मला एकदा रडवेलं केलं होतं. आमच्या शाळेतले गायकवाड सर, व्यायाम शिकवायचे, त्यांना मुलगी झाली. नसीमबाईंनी बाळासाठी छोटं दुपटं शिवलं, मऊ जुन्या लुगड्यांचं, वर पतंगाची घरं. बारशात ते दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. "मनीषा, एक सुई सापडत नाही."

"घरात कुठंतरी पडली असेल."

"आणि दुपट्यात राहिली असेल तर?"

रिक्षावाल्या मामांनी मुकाट्यानं रिक्षा वळवली. गायकवाड सरांच्या घरी बाळ त्या दुपट्यावरच झोपलं होतं. नसीमबाईंनी बाळाला स्वतः उचललं नाही. मला उचलायला सांगितलं. मग दुपटं जमिनीवर पसरून हाताच्या तळव्यानं इंच इंच चाचपलं. काही लागलं नाही. "मिळाली नाही म्हणजे नाहीये," सरांच्या आई म्हणाल्या. नसीमबाईंनी पिशवीतून कातर काढली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दुपट्याची शिवण उसवायला सुरुवात केली. पतंग गेले, लुगड्याचे थर सुटे झाले. सुई नव्हती. संध्याकाळी ती त्यांच्या घरीच, खुर्चीच्या हातावर टोचलेली मिळाली. मी म्हटलं, "आता तरी बरं वाटलं ना?"

"कसलं बरं? मिळाली म्हणजे हरवली होतीच ना," त्या म्हणाल्या. आणि दुपटं पुन्हा शिवायला बसल्या.

एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांना मी माझ्या माहेरी घेऊन गेले. आमचं गाव उजनी धरणाच्या पाण्याकाठी. मागे ऊस, पुढे केळी, आणि केळीच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर पाणी. नसीमबाईंना आईची वाकळ बघायची होती. गोधडीला आमच्याकडे वाकळच म्हणतात. पण घरात शिरायच्या आधी त्या पाण्याकडे बघून जागीच थांबल्या.

"तुमी बसा की, बाई," आई म्हणाली. "पानी काय हितं येतंय व्हय?" मग प्रामाणिकपणे तिनं पुढं जोडलं, "एकदाच आलं हुतं. तवा आक्कं गाव उचलून वर आनलं."

त्यानंतर नसीमबाई दिवसभर पाण्याकडे तोंड करून बसल्या. पाठ करायची सोय नव्हती.

आईनं वाकळ उलगडली तशा मात्र त्या पाणी विसरल्या. "अगं, ही तर फिरकी!"

"फिरकी न्हाय, भिंगरी. माझ्या सासूनं शिकवली. हाय तशी घालते मी, कायबी बदलत न्हाय."

"मग हे एक पातं मोठं का?"

आईनं वाकून बघितलं. "त्ये व्हय! तितं कापड जळलं हुतं. मोठ्या तुकड्यानं झाकलं."

"बदललंच की मग."

"बदललं न्हाय वो. झाकलं," आई म्हणाली. दोघी बराच वेळ यावर वाद घालत होत्या. एक म्हणते बदललं, दुसरी म्हणते झाकलं, आणि दोघींचे हात त्याच एका पात्यावर. परतीच्या एसटीत नसीमबाईंनी मला विचारलं, "आईंना राग तर आला नसेल ना? मी उगाच बोलले का?" सोलापूर येईपर्यंत हेच.

हे सगळं चांगल्या दिवसांतलं. पुढचं सांगायचं म्हणजे त्या 'अच्छा है'पासून सांगावं लागतं.

एका संध्याकाळी मी वाटी परत द्यायला त्यांच्याकडे गेले होते. नसीमबाईंनी पायऱ्यांचं नवं घर शिवलं होतं. चढत जाणाऱ्या पट्ट्यांतली एक पट्टी मधेच आखूड केली होती, पाय चुकल्यासारखी. अम्मींच्या मांडीवर त्यांनी ते ठेवलं आणि नेहमीसारख्या बाजूला उभ्या राहिल्या. अम्मींनी तुकडा डोळ्यांजवळ धरला. लांब धरला. मग हसल्या आणि म्हणाल्या, "अच्छा है."

इतक्या वर्षांत अम्मींनी हा शब्द वापरलेला मी ऐकला नव्हता. नसीमबाईंनीही नसावा. त्या म्हणाल्या, "अच्छा है बोले तो? क्या है ये, अम्मी?"

"कपडा है."

"हौ, पर क्या है?"

"अच्छा है बोली ना," अम्मी जरा चिडून म्हणाल्या आणि तुकडा परत दिला.

नसीमबाई स्वयंपाकघरात आल्या, माझ्यासमोरच ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी शिवण उसवली. "माझंच चुकलं. फार बदललं मी. पायऱ्या राहिल्याच नाहीत त्या."

"बाई, मला तर लगेच ओळखू आल्या."

"तुला येणारच. तुला सवय झालीय."

नंतरचे काही महिने रिक्षात माझ्यासमोर कागद येत राहिले, आणि प्रत्येक कागदावरचा बदल आधीच्यापेक्षा लहान. आधी एक तुकडा उलटा करणाऱ्या नसीमबाई आता नुसता एका तुकड्याचा रंग बदलत. मग रंगही नाही, एका तुकड्याला बारीक ठिपक्यांचं कापड. प्रत्येक वेळी अम्मींच्या मांडीवर. प्रत्येक वेळी तेच उत्तर. प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात येऊन उसवणं. नसीमबाई आपल्या हातांना, नजरेला, कापडाला, संध्याकाळच्या उजेडाला दोष देत होत्या. जगातली कुठलीही वाईट शक्यता न सोडणारी ती बाई एका शक्यतेच्या आसपासही फिरकत नव्हती. तिकडे अम्मी दुपारचं जेवण झाल्यावर पुन्हा जेवायला मागू लागल्या होत्या. मला कधी मनीषा म्हणत, कधी कुठल्यातरी जैनबचं नाव घेऊन तिच्या नवऱ्याची चौकशी करत.

मी एकदा हळूच म्हटलं, "बाई, डॉक्टरांना दाखवू या का?"

"दाखवलं. मोतीबिंदू नाहीये," त्या म्हणाल्या आणि रिक्षाबाहेर बघू लागल्या.

शेवटी त्यांनी फिरकी शिवली. काहीही न बदलता, अगदी लहानपणी अम्मींनी हात धरून शिकवली तशी. पांढरा आणि निळा, दोनच रंग. मी त्या दिवशी तिथे होते, कारण त्यांनीच मला बोलावून घेतलं होतं. अम्मींनी फिरकीवरून बोट फिरवलं. पात्यांच्या टोकाटोकावरून, फिरतं तसं, गोल. मला वाटलं, आता म्हणतील. बोटाला माहीत होतं. बोट बरोबर चाललं होतं.

"अच्छा है," अम्मी म्हणाल्या. "किसका है?"

नसीमबाईंनी ते घर उसवलं नाही. घडी घालून कपाटात ठेवलं आणि कपाट लावलं.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षाशी गेले, तर त्या आत बसलेल्या, पिशवीवर हात. मी थांबले. त्यांनी मला वर पाठवलं नाही. सात रस्त्यापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मामांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. ती शांतता मला सहन होईना. मीच म्हटलं, "मामा, मागचं चाक जरा आवाज करतंय का हो?" नसीमबाईंनी वळूनही बघितलं नाही.

पुढं डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. जे सगळ्यांना दिसत होतं त्याला एक नाव मिळालं. दुपारी घरी कुणीतरी हवं म्हणून अक्कलकोटकडची महादेवी कामाला राहिली. ती अम्मींशी कानडीत बोले, अम्मी दक्खनीत उत्तर देत आणि दोघींचं छान चाले.

एका दुपारी, चौथा तास सुरू असताना, शाळेच्या कार्यालयात महादेवीचा फोन आला. ती बाथरूममध्ये कपडे धूत होती. बाहेर आली तर दार उघडं, अम्मी नाहीत.

मी वर्ग सोडून खाली धावले तेव्हा नसीमबाई फाटकाबाहेर पडल्या होत्या. मला वाटलं होतं, त्या कोसळतील. त्या सरळ सात रस्त्याच्या गर्दीत उतरल्या. एसटीनं करकचून ब्रेक मारला, कुणीतरी शिवी दिली. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. रिक्षाला हात केला, पत्ता सांगितला, मला म्हणाल्या, "तू पाण्याच्या टाकीकडच्या गल्ल्या बघ. मी मागच्या बाजूनं येते. अम्मीच्या अंगात हिरवा कुडता आहे." आवाज अगदी सपाट.

दुपारचं ऊन. जुळे सोलापूरच्या गल्ल्या अशा वेळी ओस असतात. मी बाग बघितली, देवळाचा कट्टा बघितला, बसथांबा बघितला. "हिरवा कुडता, पांढरी ओढणी, म्हाताऱ्या आहेत," प्रत्येकाला विचारत होते. कुणी बघितलं नव्हतं. महादेवी रडत माझ्यामागून, "अय्यो, यव्वा," म्हणत. एका वळणावर नसीमबाई समोरून आल्या. आम्ही एकमेकींकडे बघून नुसती मान हलवली आणि पुन्हा वेगवेगळ्या दिशांनी निघालो. त्या पळत नव्हत्या. प्रत्येक फाटकात, प्रत्येक उभ्या गाडीच्या मागे वाकून बघत होत्या. त्यांच्या डोक्यातली ती बाई आज त्यांच्या कामाला आली होती. माणूस कुठंकुठं पडलेलं असू शकतं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

अम्मी सापडल्या त्या कॉलनीच्या टोकाला, एका शिंप्याच्या दुकानात. दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या, कुडत्याचा घोळ पसरून, आणि घोळात चिंध्या; शाळेच्या गणवेशांच्या निळ्या, ब्लाउजच्या, अस्तराच्या. शेजारी चहाचा कप. शिंपीदादा मशीन थांबवून त्यांच्यावर लक्ष ठेवून होते.

"मी नाव विचारलं," ते म्हणाले, "तर म्हणाल्या, नसीम की अम्मी. म्हटलं नसीम कुठंय, फोन लावू. तर म्हणतात, छोटी है, स्कूल गई है. येईल आता."

"आली," नसीमबाई म्हणाल्या. "आ गई, अम्मी."

आणि मग त्या पायरीवरच बसल्या, अम्मींच्या शेजारी. पुढचं वाक्य आलं ते शिंपीदादांना: "चहाचं पाणी नीट उकळलं होतं ना हो?"

अम्मींनी त्या चिंध्या काही केल्या सोडल्या नाहीत. घरी आल्यावर खाटेवर पसरल्या आणि एकाशेजारी एक मांडू लागल्या. गणवेशाचा निळा त्रिकोण, त्याला चिकटून ब्लाउजची आख्खी बाही, तिच्यावर अस्तराची पट्टी. नसीमबाईंनी सवयीनं हात पुढं केला, "अम्मी, ये पर यहाँ आता..."

अम्मींनी त्यांचा हात बाजूला सारला. "नक्को. मेरा है."

मग नसीमबाईंनी टाचण्या आणल्या आणि अम्मींनी जे जिथं ठेवलं होतं ते तिथंच टाचलं. त्या रात्री शिवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अम्मींपुढं पुन्हा चिंध्या ठेवल्या. शिंपीदादा आठवड्याची पिशवी भरून पाठवू लागले.

ती गोधडी वाढत गेली ते मी बघत होते. तिच्यात फिरकी नव्हती, पायऱ्या नव्हत्या. काही घरांना चार कोपरे होते, काहींना नव्हते. एका ठिकाणी आख्खा खिसा तसाच शिवलेला. नसीमबाई धावदोरा घालताना सारख्या थांबत. "मनीषा, यात नुसते बदलच आहेत गं. मूळ घर कुठंय तेच दिसत नाही." एवढं म्हणून त्या पुन्हा सुई चालवत. एकदा मात्र पुढं म्हणाल्या, "पण भांडत नाहीत, नाही?"

काळजी काही कमी झाली नाही. दाराला उंचावर कडी बसली, अम्मींच्या कुडत्याच्या गळ्याशी आतून पत्ता शिवला गेला. ती कडी बसवल्यावर आग लागली तर अम्मी बाहेर कशा पडतील, याची नवी काळजी सुरू झाली. सकाळी मी पुन्हा जिना चढू लागले.

गोधडी पुरी झाली त्या संध्याकाळी नसीमबाईंनी ती अम्मींच्या मांडीवर पसरली. पाय झाकले गेले, खाट झाकली गेली. त्या बाजूला उभ्या राहिल्या. बोटं आपोआप एकमेकांत गेली. मला वाटतं, त्यांना ते कळलंही नाही. अम्मींनी खिशात हात घालून बघितला. बाहीवरून हात फिरवला. मग वर बघितलं.

"किसने बनाई?"

"तुमने बनाई, अम्मी."

"झूठी!" अम्मी हसल्या. मग त्यांनी जवळ ये अशी खूण केली आणि अगदी हळू, गुपित सांगावं तसं विचारलं, "तेरी माँ कू दिखाई क्या?"

नसीमबाई गोधडीची कड सारखी करू लागल्या.

"दिखा उसकू," अम्मी म्हणाल्या. "नाम वोईच बोलेगी."

"हौ," नसीमबाई म्हणाल्या. "दिखाती हूँ."

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची लातूरला बदली झाली. निघायच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे निरोप घ्यायला गेले. दार उघडंच होतं, महादेवी पायरीवर शेंगा फोडत बसली होती. मी चप्पल काढून आत डोकावले.

अम्मी झोपल्या होत्या, ती गोधडी गळ्यापर्यंत ओढून, सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा. नसीमबाई खाटेवर वाकून उभ्या होत्या. त्यांनी आपला तळवा अम्मींच्या नाकासमोर धरला होता, पालथा, जेमतेम अंतरावर, आणि मान वाकडी करून त्या वाट बघत होत्या. पंखा चालू होता, म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पुन्हा वाट बघू लागल्या. त्या खोलीत काहीही हलत नव्हतं.

मग अम्मींनी डोळे न उघडताच गोधडीतून हात बाहेर काढला, तो तळवा पकडला आणि आत, आपल्या छातीशी ओढून घेतला.

नसीमबाई तशाच अडकल्या. कमरेत वाकलेल्या, एक हात गोधडीत, बसायला जागा नाही. त्यांनी मला बघितलं. काहीतरी म्हणायला ओठ उघडले, पण अम्मी जाग्या होतील म्हणून मिटले. मोकळ्या हातानं त्यांनी मला खूण केली: जा, आवाज करू नकोस.

मी महादेवीला ओलांडून, चपला हातात घेऊन, जिना उतरले.